एक किल्ली, चार तुकडे आणि पाचवी प्रत: एका व्हॅलिडेटर-क्लस्टरचे प्रकरण

इथेरियम या ब्लॉकचेनवरील (पुढे ‘साखळी’) एकाच व्हॅलिडेटरचे, म्हणजे तारण ठेवून साखळीच्या नोंदी पडताळणाऱ्या सहभागीचे, हे प्रकरण आहे. त्यात ३२ इथर (इथेरियमचे चलन) जमा होते, रक्कम एका व्यक्तीची होती आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो व्हॅलिडेटर एका संगणकावरून चार संगणकांच्या क्लस्टरवर हलवण्यात आला. या चार चालकांपैकी एक मी होतो. इतरांची नावे देण्याचे कारण नाही. ज्यांचे पैसे होते त्यांना येथे ‘मालक’ म्हटले आहे, आणि ते स्वतःही चारपैकी एक नोड, म्हणजे क्लस्टरमधील एक संगणक, चालवत होते. पुढील दोन महिन्यांत दोन घटना घडल्या. पहिलीत थोडे नुकसान झाले आणि तिच्यावर आम्ही बरीच चर्चा केली. दुसरीत काहीच नुकसान झाले नाही, म्हणून ती सहा दिवस कोणाच्या लक्षातही आली नाही. हे टिपण मुख्यतः त्या दुसऱ्या घटनेसाठी लिहिले आहे.

मूळ स्थिती

मालकांचा व्हॅलिडेटर एप्रिल २०२३ मध्ये, म्हणजे जमा रक्कम काढून घेण्याची सोय सुरू झाल्यानंतर लगेच, चालू झाला होता. व्हॅलिडेटरचे नेहमीचे काम साधे असते. साखळीचा काळ १२ सेकंदांच्या स्लॉटमध्ये विभागलेला असतो, ३२ स्लॉट मिळून एक इपॉक होतो, आणि प्रत्येक इपॉकमध्ये, म्हणजे ६.४ मिनिटांत, व्हॅलिडेटरने एकदा अटेस्टेशन द्यायचे असते. ‘मला साखळीचे टोक हे दिसते आणि पक्के झालेले टप्पे हे दिसतात’ अशी ती व्हॅलिडेटरच्या गुप्त किल्लीने सही केलेली साक्ष असते. अधूनमधून ब्लॉक, म्हणजे साखळीतला नवा दुवा, मांडण्याची पाळी येते. ती केव्हा येईल हे नशिबावर असते.

साक्ष चुकली तर त्या वेळचे उत्पन्न बुडते आणि शिवाय थोडा दंड बसतो. साखळीवर एकूण सुमारे साडेतीन कोटी इथर जमा आहेत असे धरले, तर ३२ इथरचा व्हॅलिडेटर पूर्ण दिवस बंद राहिल्यास साधारण ०.००१५ इथर दंड होतो आणि ०.००२१ इथरचे उत्पन्न जाते. हा आकडा सुरुवातीलाच दिला, कारण पुढच्या प्रत्येक निर्णयाच्या वेळी तो डोळ्यांसमोर असायला हवा होता आणि प्रत्यक्षात तो नव्हता. केवळ बंद राहण्याच्या नुकसानीचा विचार केला, तर एका व्हॅलिडेटरसाठी चार संगणक चालवणे परवडत नाही. मालकांना हे ठाऊक होते. त्यांना हवी होती निश्चिंती: प्रवासात असताना घरचा संगणक अडला तर तो उठवायला कोणी नाही, ही त्यांची खरी अडचण होती.

चारांची रचना

डिस्ट्रिब्यूटेड व्हॅलिडेटर टेक्नॉलॉजी, म्हणजे डीव्हीटी, हिच्यामागची कल्पना जुन्या गणितावर उभी आहे. एक गुपित अनेक तुकड्यांत असे वाटायचे की ठरावीक संख्येने तुकडे एकत्र आले तरच त्याचा उपयोग व्हावा, ही पद्धत शमीर यांनी १९७९ मध्ये मांडली. इथेरियमचे व्हॅलिडेटर बीएलएस नावाच्या ज्या डिजिटल सह्या वापरतात, त्यांचा एक सोयीचा गुण असा की किल्लीच्या तुकड्यांनी केलेल्या अर्धवट सह्या जोडून पूर्ण सही तयार करता येते. त्यासाठी संपूर्ण किल्ली कोणत्याही एका संगणकावर जुळवावी लागत नाही. साखळीला मात्र एकच नेहमीची सही दिसते. मागे चौघे आहेत हे तिला कळतही नाही.

आम्ही ओबोलचे चॅरॉन हे सॉफ्टवेअर वापरले. ते प्रत्येक चालकाचा बीकन नोड (साखळीची स्थिती पाहणारे सॉफ्टवेअर) आणि व्हॅलिडेटर क्लायंट (किल्लीने सही करणारे सॉफ्टवेअर) यांच्या मधोमध बसते. चारही चॅरॉन आधी क्यूबीएफटी या सहमती-पद्धतीने ‘या स्लॉटसाठी नेमकी कोणती साक्ष द्यायची’ हे ठरवतात, मग प्रत्येक जण आपल्या तुकड्याने सही करतो आणि तीन सह्या जमल्या की काम होते. सहमतीची ही पायरी टाळता येत नाही, कारण चौघांनी आपापल्या नजरेतून दिसलेल्या वेगवेगळ्या मजकुरांवर सह्या केल्या तर त्या जुळणारच नाहीत. स्लॉट सुरू झाल्यापासून सुमारे ४ सेकंदांच्या आत साक्ष निघाली पाहिजे, त्यामुळे नोड एकमेकांपासून फार लांब असतील तर टोकाविषयीचे मत उशिरा पोहोचू लागते. आमच्याकडे तो त्रास नगण्य होता.

चारमध्ये तीन हा आकडा कोठून आला, हे समजून घेण्यासारखे आहे. चार नोडपैकी एक बंद पडला तरी चालते, आणि एकाने लबाडी केली तरीही चालते. तिघांचा कोणताही एक गट आणि तिघांचा कोणताही दुसरा गट घ्या, त्यांच्यात किमान दोघे समान असतात. त्या दोघांपैकी एक लबाड निघाला तरी दुसरा प्रामाणिक असतो, आणि तो एकाच गोष्टीवर दोन परस्परविरोधी सह्या करणार नाही. अशा परस्परविरोधी सह्यांना स्लॅशिंग, म्हणजे दंड आणि व्हॅलिडेटरची हकालपट्टी, ही शिक्षा असते. म्हणजे क्लस्टरच्या आत दुहेरी सही होण्याचा मार्ग गणितानेच बंद केलेला आहे. क्लस्टरच्या बाहेर काय चालले आहे, याविषयी हे गणित काहीच सांगत नाही.

पैशांचा प्रश्न वेगळा. रक्कम कोणत्या पत्त्यावर परत जाणार हे आधीच पक्के असते आणि तो पत्ता मालकांचा होता. त्यामुळे तिघे एकत्र आले तरी मूळ रक्कम पळवू शकत नव्हते. मुद्दाम दंड ओढवून घेणे मात्र त्यांना शक्य होते. तेवढा विश्वास गृहीत होता.

किल्ली फोडायची की नवी घडवायची

क्लस्टरवर जाण्याचे दोन मार्ग होते. पहिल्यात जुना व्हॅलिडेटर बंद करून रक्कम काढायची, चौघांनी मिळून नव्या किल्लीचे तुकडे थेट आपापल्या संगणकांवर तयार करायचे आणि रक्कम नव्याने भरायची. या प्रक्रियेत संपूर्ण किल्ली कधी कोणाकडेच नसते. दुसऱ्यात मालकांजवळची चालू किल्ली फोडून तिचे चार तुकडे वाटायचे. हे काम काही मिनिटांचे आहे, पण मूळ किल्ली आणि ती ज्या शब्दांतून पुन्हा तयार होते ते शब्द मालकांजवळ तसेच राहतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेर पडण्याच्या रांगेत २० लाखांहून अधिक इथर उभे होते. एका इपॉकमध्ये २५६ इथरच बाहेर पडू शकतात, त्यामुळे प्रतीक्षा ४० दिवसांच्या पुढे गेली होती. आत येण्याचीही रांग होती, आणि तिच्यातील दिवसांचे उत्पन्न शून्य. मालकांनी किल्ली फोडण्याचा मार्ग निवडला आणि आम्ही सर्वांनी मान डोलावली. आज मागे वळून पाहता हा निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही, कारण किल्ली फोडणे ही मान्य पद्धत आहे. आमचे चुकले ते नंतरच्या कामात. क्लस्टर सुरू झाला त्या क्षणी आम्ही स्थलांतर संपले असे मानले. पाचवी, अखंड प्रत अजून शिल्लक होती आणि तिचे काय करायचे हे कोणी ठरवलेच नाही.

स्थलांतराचा दिवस तसा व्यवस्थित पार पडला. मालकांनी जुनी सेवा थांबवली. मग आम्ही तीन इपॉक वाट पाहिली आणि साखळीवर या व्हॅलिडेटरच्या साक्षी चुकलेल्या दिसल्यावरच क्लस्टर चालू केला. चुकलेली साक्ष हा जुना संगणक खरोखर गप्प झाल्याचा बाहेरून दिसणारा एकमेव पुरावा असतो. तिची किंमत प्रत्येक इपॉकला सुमारे ०.०००००७ इथर दंड, म्हणजे नावापुरती.

पहिली घटना

साधारण तीन आठवड्यांनी दुसरे आणि तिसरे चालक एकाच वेळी बंद पडले. दोघांनी स्वतंत्रपणे यंत्रे भाड्याने घेतली होती, पण ती निघाली एकाच डेटा सेंटरमधली. चार नोड असल्याचे आमचे समाधान कागदावरचे होते. वीज आणि जोडणी यांच्या दृष्टीने आमच्याकडे तीनच जागा होत्या. उरलेले दोन नोड, मालकांचा आणि माझा, व्यवस्थित चालू होते, पण तीन सह्या होत नव्हत्या. व्हॅलिडेटर जवळजवळ सहा तास बंद राहिला. हिशेबाने ०.०००३८ इथर दंड आणि ०.०००५२ इथरचे बुडालेले उत्पन्न, एकूण ०.०००९ इथर.

चौथ्या तासाला मालकांचा निरोप आला: “माझ्याकडे पूर्ण किल्ली आहेच. तुम्ही आणि मी आपापले नोड बंद करू. मग ते दोघे परत आले तरी दोनच राहतात, तीन होणारच नाहीत. तोवर मी जुन्या संगणकावरून एकटा चालवतो.”

त्यांचा तर्क अचूक होता. चारपैकी दोन नोड जाणूनबुजून बंद ठेवले, तर क्लस्टर सही करूच शकत नाही, आणि तेवढ्या काळात अखंड किल्लीने एकट्याने सही करण्यात धोका नाही. मी तरीही नकार दिला. ही सुरक्षितता दोन माणसांनी एक गोष्ट न विसरण्यावर उभी होती. रात्रीतून माझा संगणक अद्ययावत होऊन स्वतःच उठला असता आणि डेटा सेंटरही त्याच वेळी पूर्ववत झाले असते, तर तीन सह्या जमल्या असत्या, क्लस्टरने कोणालाही न विचारता काम सुरू केले असते आणि मालकांचा जुना संगणकही तेच काम करत राहिला असता. दिवसभराचा दंड ०.००१५ इथर असताना हा जुगार खेळण्यात अर्थ नव्हता. मालकांनी ऐकले, पण नाराजीने. ‘मग ही किल्ली जवळ ठेवून उपयोग काय,’ असे ते म्हणाले. तो प्रश्न त्यांना वाटला त्याहून मोलाचा होता. तेव्हाच त्याचे उत्तर शोधले असते तर पुढचे टळले असते.

दुसरी घटना

मालकांनी क्लस्टरमधील आपला नोड जुन्याच संगणकावर उभा केला होता. बीकन नोड तोच, त्याच्यापुढे चॅरॉन नव्याने बसवलेला, आणि तुकड्याने सही करणारा नवा व्हॅलिडेटर क्लायंट. जुना क्लायंट त्यांनी थांबवला होता. पण सेवा थांबवणे वेगळे, आणि संगणक सुरू होताना तिने आपोआप उठू नये अशी व्यवस्था करणे वेगळे. दुसरी गोष्ट राहून गेली. किल्लीची फाइलही जागच्या जागी होती.

काही आठवड्यांनी एका अद्ययावतीनंतर संगणक पुन्हा सुरू झाला आणि त्याच्याबरोबर जुना क्लायंटही उठला. तो थेट बीकन नोडला जोडलेला होता. मधल्या चॅरॉनची त्याला कल्पनाच नव्हती. प्रत्येक क्लायंटजवळ आपण आजवर कशावर सही केली याची नोंदवही असते आणि तिच्याशी विसंगत सही करायला तो नकार देतो. पण ही नोंदवही त्याच्यापुरती असते. क्लस्टरने गेल्या काही आठवड्यांत केलेल्या हजारो सह्यांपैकी एकही जुन्या क्लायंटच्या नोंदवहीत नव्हती. तिच्या दृष्टीने रस्ता मोकळा होता.

त्याने सही केली असती तर काय झाले असते? लगेच बहुधा काहीच नाही. एकाच स्लॉटमध्ये दोन्हीकडून निघालेल्या साक्षी बहुतेक वेळा अक्षरशः सारख्या असतात आणि सारख्या मजकुरावरची दुसरी सही हा गुन्हा धरला जात नाही. धोका असतो तो एखादा ब्लॉक उशिरा पोहोचला तर. तेव्हा एका ठिकाणाहून टोक एक दिसते, दुसऱ्या ठिकाणाहून दुसरे, आणि एकाच इपॉकसाठी दोन वेगळ्या साक्षी निघाल्या की स्लॅशिंग होते. म्हणजे असा दुहेरी कारभार काही तास, कदाचित त्याहूनही अधिक, बिनबोभाट चालतो. त्यामुळे तो करणाऱ्याला आपले बरे चालले आहे असेच वाटते.

जुन्या क्लायंटला थांबवले ते प्रतिरूप-तपासणीने, जिला चालक डॉपलगँगर प्रोटेक्शन म्हणतात. या तपासणीत क्लायंट उठल्यावर दोन-तीन इपॉक गप्प बसून ऐकतो. आपल्याच व्हॅलिडेटरच्या साक्षी साखळीवर येताना दिसल्या, तर आपण आधीच कोठेतरी चालू आहोत हे ओळखून तो स्वतः बंद होतो. गंमत अशी की क्लस्टरमधील क्लायंटवर आम्ही ही तपासणी मुद्दाम बंद ठेवली होती. तेथे एक नोड बंद होऊन परत आला तरी उरलेले तिघे व्हॅलिडेटर चालवतच असतात, आणि परतलेला नोड त्यांच्या साक्षी पाहून स्वतःला तोतया समजला असता. जुन्या क्लायंटची जुळणी (सेटिंग्ज) कोणी उघडलीच नाही, म्हणून तिच्यात तपासणी चालू राहिली. ज्या निष्काळजीपणाने धोका निर्माण झाला, त्यानेच तो थोपवला.

शिवाय ही सेवा बंद पडताच पुन्हा उठावी असे तिला सांगितलेले होते. त्यामुळे ती उठत होती, ऐकत होती, बंद पडत होती आणि परत उठत होती. सहा दिवसांनी मालक डिस्कवरील जागा का भरली हे पाहायला गेले, तेव्हा नोंदींमध्ये हा प्रकार चारशेच्या वर वेळा झालेला सापडला.

त्या नोंदी मला पाठवल्या गेल्या तेव्हा आधी हसू आले. मग पहिली घटना आठवली आणि हसू ओसरले. प्रतिरूप-तपासणी ऐकते ती दुसऱ्याचा आवाज. त्या सहा दिवसांत डेटा सेंटर पुन्हा अर्धा तास जरी बंद पडले असते, तर क्लस्टर गप्प झाला असता, जुन्या क्लायंटला ऐकताना शांतता मिळाली असती, त्याने ‘कोणी नाही’ असे मानून सह्या सुरू केल्या असत्या, आणि थोड्या वेळाने क्लस्टर परत येऊन त्याच्या शेजारीच सह्या करू लागला असता. तेव्हा दोघांनाही थांबवणारे काही उरले नसते. दोन्ही घटनांमध्ये काही आठवड्यांचे अंतर पडले हा योगायोग. चौघांपैकी कोणाचीही त्यात हुशारी नव्हती.

हिशेब

मे २०२५ मध्ये झालेल्या इथेरियमच्या पेक्ट्रा अद्ययावतीनंतर स्लॅशिंगचा पहिला दंड बराच कमी झाला आहे. पूर्वी तो जमा रकमेच्या ३२व्या भागाइतका, म्हणजे ३२ इथरमागे १ इथर असे. आता तो ४०९६व्या भागाइतका, म्हणजे ०.००७८ इथर आहे. यावरून काही जण स्लॅशिंग आता किरकोळ झाले असे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. स्लॅश झालेल्या व्हॅलिडेटरची रक्कम किमान ८१९२ इपॉक, सुमारे ३६ दिवस, अडकते आणि त्या सर्व काळात तो बंद असल्याप्रमाणे दंड चालू राहतो. आमच्या बाबतीत तो सुमारे ०.०५६ इथर झाला असता आणि बुडालेले उत्पन्न ०.०७६ इथर. सर्व मिळून ०.१४ इथरच्या आसपास, शिवाय पुन्हा आत येण्याची रांग. पहिल्या घटनेतल्या नुकसानीच्या सुमारे दीडशे पट.

मधल्या टप्प्यावर, १८ दिवसांच्या सुमारास, आणखी एक दंड ठरतो. आगेमागे किती रक्कम स्लॅश झाली यावर तो अवलंबून असतो. एकटा व्हॅलिडेटर चुकला तर तो जवळजवळ शून्य असतो. साखळीवरील एकूण रकमेचा तिसरा भाग एकाच काळात चुकला तर सगळी जमा जाते. आमच्यासारख्यांना त्याची झळ लागली नसती, पण शेकडो व्हॅलिडेटर एकाच पद्धतीने हलवणाऱ्या मोठ्या चालकाने हा आकडा विसरू नये.

हे केवळ आमच्यापुरते नाही, असे म्हणण्याला आधार आहे. सप्टेंबर २०२५ मध्येच एसएसव्ही नेटवर्क या दुसऱ्या डीव्हीटी व्यवस्थेशी जोडलेले ३९ व्हॅलिडेटर स्लॅश झाले. तेथेही तुकड्यांचे गणित किंवा प्रोटोकॉल फुटला नव्हता. चालकांच्या बाजूने त्याच किल्ल्या क्लस्टरबाहेरही चालल्या होत्या. ती बातमी आमच्या गटात मीच टाकली होती, आणि ‘आपण तीन इपॉक थांबलो होतो’ असे सांगून विषय मिटवलाही मीच होतो.

नंतरचे बदल

जुनी सेवा आणि किल्लीची फाइल मालकांच्या संगणकावरून काढून टाकली गेली, हे सांगायला नको. तिसऱ्या चालकांनी आपले यंत्र दुसऱ्या कंपनीकडे नेले. चौघांपैकी तिघे एकच बीकन क्लायंट वापरत होते, तेही बदलले. मे २०२३ मध्ये प्रिझम आणि टेकू या क्लायंटवरील ताणामुळे साखळीची अंतिमता, म्हणजे टप्पे कायमचे पक्के होणे, लागोपाठ दोन दिवस काही काळ अडली होती, आणि जानेवारी २०२४ मध्ये नेदरमाइंड या दुसऱ्या प्रकारच्या (व्यवहार चालवणाऱ्या) क्लायंटमधील दोषाने तो वापरणारे व्हॅलिडेटर एकदम बंद पडले होते. एकाच क्लायंटवर तिघे असलेल्या क्लस्टरला असा दोष सहन करता येत नाही, कारण एकाच्या चुकीने तिघे जातात.

ज्या शब्दांतून मूळ किल्ली पुन्हा तयार होते, त्या शब्दांच्या कागदाचा प्रश्न शिल्लक राहिला. मालकांचे म्हणणे होते की दोन तुकडे हरवले तर क्लस्टर कायमचा मुका होईल, आणि मग बाहेर पडण्याची सहीही करता येणार नाही. म्हणून मूळ किल्ली हवीच. २०२३ मध्ये हा युक्तिवाद बिनतोड होता. पेक्ट्रानंतर रक्कम ज्या पत्त्यावर परत जायची तो पत्ताच व्हॅलिडेटरला बाहेर काढू शकतो. त्यासाठी व्हॅलिडेटरची सही लागत नाही. मालकांनी हे स्वतः वाचून, पडताळून पाहिले आणि मगच मानले.

रांग ओसरल्यावर हा व्हॅलिडेटर बंद करून चौघांनी मिळून नवी किल्ली घडवायची, असे ठरले आहे. ती कोणाहीजवळ अखंड नसेल. बाहेर पडल्यावरही जुनी किल्ली लगेच निरुपद्रवी होत नाही. रक्कम काढण्यायोग्य होईपर्यंतचे आणखी २५६ इपॉक, म्हणजे २७ तासांहून थोडे अधिक, तिच्याने स्लॅशिंग होऊ शकते. तेवढा वेळ जाईपर्यंत मालकांनी कागद पाकिटात बंद ठेवायचा आणि तो फाडताना आम्हाला बोलवायचे, असे त्यांनीच सुचवले आहे.